सरकारी वकील कोणाच्या हाताखाली?

जिल्हा सरकारी वकिलाच्या नेमणुकीवरून वाद झाला की चर्चा बहुधा नावांभोवती फिरते. अमुक कोणाच्या जवळचा, तमुकची वर्णी कशी लागली, वगैरे. खरा प्रश्न त्याहून जुना आहे: सरकारतर्फे खटला चालवणाऱ्या वकिलावर हुकूम कोणाचा चालावा?

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळात मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात पोलीस प्रॉसिक्युटर उभे राहत. ते पोलीस खात्याचेच नोकर. तपास करणारा आणि तो तपास कोर्टापुढे मांडणारा, दोघेही एकाच साहेबाला सलाम ठोकणारे. मग ‘या प्रकरणात पुरावा नाही’ असे तोंडावर सांगायचे कोणी? विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात हे काम पोलिसांपासून वेगळे करण्याची शिफारस केली. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम २५ ने मॅजिस्ट्रेट कोर्टांसाठी सहायक सरकारी वकील आणले आणि पोलीस अधिकाऱ्याला, अपवाद सोडता, त्या पदावर मज्जाव केला.

महाराष्ट्रात मात्र पाटी बदलली, खाते तेच राहिले. पोलीस प्रॉसिक्युटरांनाच नवे पदनाम मिळाले. त्यांच्यावरचे प्रशासकीय आणि शिस्तीचे नियंत्रण पोलिसांकडेच होते. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायद्याच्या हेतूविरुद्ध ठरवले आणि या वकिलांचा स्वतंत्र संवर्ग, स्वतंत्र प्रमुखासह, उभारायला सांगितले. आज त्यांची भरती एमपीएससीमार्फत होते.

सत्र न्यायालयातली वाट वेगळी. तिथे सात वर्षे वकिली केलेल्यांची यादी जिल्हा दंडाधिकारी म्हणजे आपले जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांच्या सल्ल्याने करतील, असे १९७३ च्या संहितेने म्हटले होते. महाराष्ट्राने १९८१ मध्ये त्यात दुरुस्ती केली: न्यायाधीशांच्या सल्ल्याऐवजी राज्य सरकारची मान्यता. वर्णी लावण्याच्या तक्रारींना माझ्या मते इथूनच जास्त खतपाणी मिळाले. दुसरीकडे खटला मागे घेण्याचा अर्ज करण्याचा अधिकार कायद्याने या वकिलालाच दिला आहे, मंत्रालयाला नाही, आणि त्यालाही न्यायालयाची संमती लागते. ज्याची नेमणूक वरून झाली, त्याला वरच्याच फोनला नकार द्यावा लागतो तो इथे.

२००५ च्या दुरुस्तीने कलम २५-अ आले आणि अभियोग संचालनालयाला, म्हणजे सरकारी वकिलांवरच्या कार्यालयाला, संहितेत जागा मिळाली, गृह खात्याच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली. १९७३ च्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० ने त्यात जिल्हा पातळीवरच्या संचालनालयाची भर घातली. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांवर संचालकाची देखरेख, सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांवर उपसंचालकाची, त्याखालच्यांवर सहायक संचालकाची. संचालकाच्या नेमणुकीला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींची सहमती हवी, ही २५-अ मधली अट मात्र नव्या कलमात नाही.