अक्का

अक्का : मोठ्या बहिणीला हाक मारण्याचा व तिचा उल्लेख करण्याचा शब्द, त्यावरून, वयाने वडील असलेल्या कोणत्याही स्त्रीसाठी आदराचे संबोधन. कन्नड, तमिळ, तेलुगू, तुळू, कोंकणी व मराठी या भाषांत तो थोड्याफार फरकाने आढळतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागात तो मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत रोजचा आहे.

शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. संस्कृत कोशांत ‘अक्का’ म्हणजे आई. पाणिनीच्या ‘अम्बार्थनद्योर्ह्रस्वः’ (७·३·१०७) या सूत्रानुसार आई या अर्थाच्या शब्दांचा अंत्य स्वर संबोधनात ऱ्हस्व होतो. काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरील टीका त्याची उदाहरणे ‘हे अम्ब, हे अक्क, हे अल्ल’ अशी देते. मूळ सूत्रात ‘अक्का’ हा शब्द नाही, तो वृत्तीच्या उदाहरणात आहे. त्यामुळे केवळ या सूत्राच्या आधारे शब्दाला पाणिनीच्या काळापर्यंत मागे नेणे धाडसाचे ठरेल. याच सूत्रावरील वार्तिकाने (पूरक नियमाने) ड, ल, क असलेल्या शब्दांना ऱ्हस्वत्व नाकारले आहे (हे अम्बाडे, हे अम्बाले, हे अम्बिके). मग ‘अक्का’मध्येही क आहे, त्याचे काय? सिद्धान्तकौमुदी हा नंतरचा व्याकरणग्रंथ याचा उलगडा करतो : हा निषेध असंयुक्त ड, ल, क यांनाच लागू आहे, ‘अक्का’तील क जोडाक्षरात असल्याने तो सुटतो. वैयाकरणांनी एका घरगुती हाकेसाठी एवढी काळजी घ्यावी, यावरून त्यांच्या काळी ती हाक चांगलीच रुळली असावी.

रॉबर्ट कॉल्डवेल यांनी द्राविड भाषांच्या १८५६ च्या आपल्या तुलनात्मक व्याकरणात संस्कृतने द्राविड भाषांकडून घेतले असावेत अशा शब्दांची यादी दिली. तीत ‘अक्का’ आहे. बरो व एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशातही (१९६१) हा शब्द द्राविड कुळाचा म्हणून नोंदलेला असून संस्कृत, प्राकृत व मराठी रूपे तुलनेसाठी खाली दिली आहेत. दुसऱ्या मताप्रमाणे हा बाळबोलीतला शब्द आहे व तो अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उपजला असावा. फिनिश भाषेत ‘अक्का’ म्हणजे म्हातारी. रोमन पुराणकथेत रोम्युलस व रेमस यांना वाढविणारी अक्का लारेंतिया आहे. अशी साम्ये मोहात पाडतात, पण त्यांवर फारसे काही उभे राहत नाही.

द्राविड पक्षाचे सर्वांत मोठे बळ एकट्या शब्दात नसून त्याच्या भावंडांत आहे. कन्नडमध्ये अक्क (थोरली बहीण), तंगी (धाकटी बहीण), अण्ण (थोरला भाऊ), तम्म (धाकटा भाऊ) अशी चौकट आहे. थोरल्या-धाकट्यांना वेगवेगळे मूळ शब्द असणे हा दक्षिणेकडील नातेव्यवस्थेचा विशेष होय. संस्कृतातील ‘स्वसा’ किंवा ‘भगिनी’ यांत असा भेद नाही. मराठीने या चौघांपैकी अक्का आणि अण्णा हे दोघेच घेतले, तंगी व तम्मा प्रमाण मराठीत आले नाहीत. थोरल्यांना नात्याने आणि धाकट्यांना नावाने हाक मारायची आपली रीत पाहता, मराठीने नात्यांची व्यवस्था न घेता फक्त हाका उचलल्या असाव्यात. हेमचंद्राने बाराव्या शतकात देशीनाममाला या देशी शब्दांच्या कोशात ‘अक्का’ म्हणजे बहीण असे नोंदविले आहे. आई आणि थोरली बहीण या दोन अर्थांमध्ये तो एक दुवा मानता येतो.

रूपांच्या बाबतीत एक गंमतीचा उलटफेर दिसतो. कन्नडमध्ये मूळ शब्द ‘अक्क’ असा ऱ्हस्वान्त असून हाक मारताना तो लांबतो : अक्का! संस्कृतात मूळ दीर्घ, हाक ऱ्हस्व. मराठीने कन्नडची हाकच मूळ शब्द म्हणून घेतलेली दिसते. अण्णा, अप्पा यांचेही तसेच. पुढे मराठीत अक्काला, अक्काचा असे सरळ चालते, तर कन्नडमध्ये ‘अक्कन मनी’ (अक्काचे घर) असा न येतो. अर्थातही अशीच अदलाबदल आहे : कन्नड ‘तायी’ म्हणजे आई, मराठी ‘ताई’ म्हणजे बहीण. या दोहोंचे मूळ एकच असावे असे काहींना वाटते. निपाणी-चिकोडीकडे बायकांचे ‘अक्काताई’ हे नाव सर्रास आढळते. त्यात दोन्ही भाषांतली थोरली बहीण एकत्र नांदते. तांदूळ या अर्थाचा कन्नड ‘अक्की’ आणि सोनार या अर्थाचा ‘अक्कसालिग’ यांचा या शब्दाशी संबंध नाही.

वयाशी संबंध सुटून केवळ आदर उरल्याचे ठळक उदाहरण म्हणजे बाराव्या शतकातील कन्नड वचनकार (भक्तिपर वचने रचणारी) अक्कमहादेवी. परंपरेनुसार ती शरणांमध्ये (त्या काळच्या शिवभक्तांमध्ये) वयाने लहान होती, तरी सर्वांची अक्का झाली. वचनांची संकलने बरीच नंतरची, मुख्यतः पंधराव्या शतकापासूनची असल्याने ही उपाधी तिच्या हयातीतली होती की नाही, याबाबत सावध राहावे. मराठीत ‘अक्काबाईचा फेरा’ म्हणजे दारिद्र्याची अवकळा. ही अक्काबाई म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, अर्थात अलक्ष्मी. ज्या देवीचे नाव घेणे टाळायचे, तिलाही लोकांनी नात्याचीच हाक दिली.

कन्नड घरांत, तसेच सीमाभागातील काही मराठी समाजांतही, अक्काच्या मुलीशी मामाने लग्न करण्याची रीत होती. तेथे अक्का हीच सासू होते. इरावती कर्वे यांनी महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण नातेव्यवस्थांमधला पट्टा म्हटले, त्याचा प्रत्यय येथे येतो.

बेळगावात गणपत गल्लीच्या बाजारात भाजीवाली एका गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये ‘अक्कार, बर्री’ (अक्का, या) म्हणते आणि लगेच दुसरीला ‘या की अक्का’. घरातून निघताना धाकटी ‘अक्का, मी येतो गे’ म्हणते; बाईच्या तोंडचे हे ‘येतो’ या भागात सहज आहे. ‘अक्का’ला आदराचा ‘अवरु’ जोडून झालेला ‘अक्कोरु’ हा शब्द उत्तर कर्नाटकातील कन्नड शाळांत शिक्षिकेसाठी वापरतात; शेजारच्या मराठी शाळेतली मुले त्याच जागी ‘बाई’ म्हणतात.