संभाजी महाराज: बखरीतले, रंगभूमीवरचे, पडद्यावरचे

३ जानेवारी २०१७ च्या पहाटे पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकण्यात आला. राग होता ‘राजसंन्यास’ या नाटकावर. गडकऱ्यांनी ते अपुरंच सोडलं होतं, १९१९ साली ते वारले आणि नाटक त्यांच्यामागे छापलं गेलं. संभाजी महाराज त्यात तुळशी नावाच्या बाईच्या नादी लागलेले दिसतात.

ही तुळशी कुठल्या कागदात सापडत नाही. पण विलासात बुडालेला राजा गडकऱ्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता, तो त्यांना आयता मिळाला होता. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये तुळापूरला हालहाल करून मारण्यात आलं. त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास साताऱ्याच्या मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली. १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून हत्तीच्या पायी दिलेले बाळाजी आवजी चिटणीस हे त्यांचे पूर्वज. बखरीतला राजा संतापी आणि व्यसनी का, याचं निदान अर्धं उत्तर तरी इथे मिळतं. खाफीखानासारखे मोगलांकडचे लेखक तर शत्रूच्याच गोटातले. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफने १८२६ चा आपला इतिहास लिहिताना बखरींचा आधार घेतला आणि घराण्याच्या रागाला छापील इतिहासाचं वजन आलं.

नाटककारांना आणखी काय हवं होतं? थोर बाप, बहकलेला मुलगा आणि शेवटी मरणातून प्रायश्चित्त, असा साचा तयारच होता. त्यात मग कमळा, तुळशी, गोदावरी अशा नायिका आल्या. भालजी पेंढारकरांनी १९४१ मध्ये ‘थोरातांची कमळा’ पडद्यावर आणली, तोवर कमळा लोकांच्या लेखी खरीच होऊन बसली होती.

सगळंच रचलेलं होतं असंही नाही. १६७८ च्या अखेरीस संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले, हे घडलेलं आहे. नाटकांनी त्यामागचं राजकारण सोडून बाई शोधली, एवढंच.

वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षं कागद धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचं चरित्र काढलं. चार आघाड्यांवर लढणारा, संस्कृतात ‘बुधभूषणम्’ लिहिणारा राजा त्यातून पुढे आला. पुढे कमल गोखल्यांचाही ग्रंथ आला. मात्र हा नवा राजा घरोघर पोचवला तो पुन्हा ललित लेखकांनीच. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मधला काशिनाथ घाणेकरांचा संभाजी दुखावलेला मुलगा होता. १९७९ च्या ‘छावा’ या कादंबरीत शिवाजी सावंतांनी त्याला महानायक केलं. मला विचाराल तर जुन्या साच्याइतकाच हाही साचा आहे, फक्त आपल्याला आवडणारा. त्यातल्या संवादांना कोणी पुरावा मागत नाही.

आवडत्या साच्याचंही ओझं असतंच. याच कादंबरीवरचा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये लागण्याआधी महाराजांचं लेझीम खेळण्याचं दृश्य आक्षेपांमुळे वगळावं लागलं. चित्रपट लागल्यावर शिर्के घराण्यातले लोक संतापले, कारण गणोजी आणि कान्होजी शिर्के त्यात फितूर दाखवले होते. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली. गणोजी हे येसूबाईंचे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावई. शिर्क्यांचं छत्रपतींशी वितुष्ट आलं होतं, हे इतिहासात आहे. पण महाराजांना संगमेश्वरला पकडणाऱ्या मोगल सरदार मुकर्रबखानाला तिथली वाट नेमकी कोणी दाखवली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. इतिहासकार तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जाऊ शकतो. कादंबरीत आणि पडद्यावर त्या जागी कोणाला तरी उभं करावंच लागतं.