पबमेड

पबमेड : वैद्यक आणि जीवविज्ञान या विषयांतील संशोधन-लेखांची इंटरनेटवरील विनामूल्य सूची. अमेरिकेत मेरिलंड राज्यातील बेथेस्डा येथे असलेली नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन (एनएलएम) ही सूची चालवते. तीत पावणेचार कोटींहून अधिक नोंदी आहेत. नोंदीत लेखाचे शीर्षक, लेखकांची नावे, नियतकालिक, वर्ष, खंड, पाने, बहुधा लेखाचा सारांश आणि पीएमआयडी हा त्या नोंदीचा स्वतंत्र क्रमांक असतो. पूर्ण लेख पबमेडमध्ये नसतो. तो कुठे आहे याचा दुवा मिळतो, आणि त्या दुव्यापलीकडे अनेकदा पैशांची मागणी उभी असते. पीजीच्या (पदव्युत्तर शिक्षणाच्या) पहिल्या वर्षी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहायला बसलेल्या रेसिडेंट डॉक्टरला हा फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो.

पीएमआयडी लेखांच्या प्रकाशनाच्या क्रमाने दिलेले नाहीत. क्रमांक १ चा लेख १९७५ सालचा आहे. मिथेनॉलच्या विषबाधेत शरीरद्रवांतील फॉर्मेट (मिथेनॉलपासून शरीरात तयार होणारे विषारी द्रव्य) कसे मोजावे, हा त्याचा विषय. विषारी दारूचे बळी आजही पडणाऱ्या आपल्या देशात पहिल्या क्रमांकाची ही नोंद अजून जुनी झालेली नाही.

पूर्वेतिहास : पबमेडचे मूळ कागदी सूचीत आहे. अमेरिकी लष्कराच्या सर्जन-जनरलच्या कार्यालयातील ग्रंथसंग्रह १८३६ पासूनचा, पण त्याला आकार दिला लष्करी शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज यांनी. त्या काळी हा संग्रह वॉशिंग्टनमध्ये फोर्ड्स थिएटरच्या इमारतीत होता. अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ते हेच नाट्यगृह. सरकारने ते ताब्यात घेऊन तिथे कार्यालये थाटली होती. आलेली नियतकालिके बिलिंग्ज स्वतः चाळत, नोंदवण्याजोग्या लेखांवर खुणा करत आणि कारकून ते लेख उतरवून घेत. या श्रमांतून १८७९ मध्ये बिलिंग्ज आणि रॉबर्ट फ्लेचर यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ ही मासिक सूची सुरू केली आणि पुढच्याच वर्षी संग्रहाच्या मोठ्या विषयवार सूचीचा पहिला खंड निघाला. इंडेक्स मेडिकस आर्थिक अडचणींमुळे १८९९ मध्ये बंद पडले, १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेच्या मदतीने पुन्हा निघाले, १९२७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सूचीत विलीन झाले आणि १९६० पासून परत स्वतंत्र झाले. दरम्यान १९५६ च्या कायद्याने हे लष्करी ग्रंथालय राष्ट्रीय ग्रंथालय, म्हणजे आजची एनएलएम, बनले. सिनेटमध्ये तो कायदा मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते जॉन एफ. केनेडी.

सूची संगणकावर गेली ती छपाईच्या गरजेपोटी. लेखांची संख्या इतकी वाढली होती की हाताने जुळणी करून मासिक वेळेवर काढणे अवघड झाले होते. १९६४ मध्ये ‘मेडलार्स’ ही यंत्रणा कार्यान्वित झाली. तिचे मुख्य काम इंडेक्स मेडिकसची पाने जुळवणे, आणि जोडीला डॉक्टरांच्या प्रश्नांवरून लेखांच्या याद्या काढून देणे. प्रश्न टपालाने जायचा आणि यादी हातात पडायला काही आठवडे लागायचे. जनगणनेची आकडेमोड छिद्रांच्या कार्डांवर करता येईल ही कल्पना आपल्याला बिलिंग्ज यांनीच सुचवली, असे हरमन होलेरिथ यांनी सांगून ठेवले आहे. या होलेरिथ यांचा उद्योग पुढे आयबीएम कंपनीत सामावला गेला. म्हणजे सूचीकाराने सुचवलेले यंत्र बऱ्याच वळणांनी सूचीकडेच परतले.

१९७१ मध्ये ‘मेडलाइन’ आली. आता ग्रंथालयातल्या टर्मिनलवरून टेलिफोनच्या तारेने थेट शोध घेता येऊ लागला. मात्र तो शोध ग्रंथपाल करत, आणि त्याचे शुल्क पडे. वैयक्तिक संगणकांसाठी १९८६ मध्ये ‘ग्रेटफुल मेड’ हा प्रोग्राम निघाला. ग्रंथालयाच्याच छत्राखाली १९८८ मध्ये स्थापन झालेल्या एनसीबीआय या जैवतंत्रज्ञान-माहितीच्या केंद्राने १९९६ च्या जानेवारीत प्रयोग म्हणून पबमेड सुरू केले. २६ जून १९९७ रोजी उपाध्यक्ष अल गोर यांच्या हस्ते ते सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. छापील इंडेक्स मेडिकस २००४ च्या अखेरीस थांबले.

पबमेड, मेडलाइन, पीएमसी : या तीन नावांची सरमिसळ वरिष्ठ प्राध्यापकही करतात. मेडलाइन हा पबमेडचा गाभा. तज्ज्ञ समितीने निवडलेली पाच हजारांवर नियतकालिके त्यात येतात आणि त्यांतील लेखांना विषयशीर्षे लावली जातात. पीएमसी, म्हणजे पबमेड सेंट्रल, हे २००० मध्ये सुरू झालेले पूर्ण लेखांचे खुले भांडार आहे. एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंशोधन संस्थेच्या पैशांतून झालेले संशोधन तिथे ठेवणे २००८ पासून बंधनकारक आहे. पीएमसीत जे जाते त्याची नोंद पबमेडमध्ये दिसते, मग ते नियतकालिक मेडलाइनने निवडलेले असो वा नसो. पबमेड म्हणजे या दोन्ही वाटांनी आलेल्या आणि प्रकाशकांनी थेट पाठवलेल्या नोंदींची एकत्र वही. त्यामुळे ‘पबमेडला दिसते’ एवढ्यावरून नियतकालिकाच्या दर्जाबद्दल फारसे काही कळत नाही. मेडलाइनमध्ये आहे का, हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

मेश : पबमेडची खरी ताकद तिच्या शब्दसंग्रहात आहे. १९६० मध्ये चार हजारांच्या वर शीर्षांनी सुरू झालेल्या ‘मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज’ ऊर्फ ‘मेश’ या नियंत्रित शब्दावलीत आज सुमारे तीस हजार शीर्षे आहेत. ती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली आहेत. वरचे शीर्ष शोधले की खालची सगळी आपोआप शोधात येतात.

याचे महत्त्व महाराष्ट्रातल्याच उदाहरणाने समजते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांवर काम केले आणि हृदयावर होणाऱ्या परिणामांची लक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडली. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने दगावणारे रुग्ण वाचू लागले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास काय फरक पडतो, याची डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केलेली चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. या तीन दशकांत कोकणातल्या त्या लाल विंचवाचे शास्त्रीय नाव बदलत गेले. जुन्या लेखांत तो ‘ब्यूथस टॅम्युलस’ आहे, २०११ च्या लेखात ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’, आणि आता ‘हॉटेनटोट्टा टॅम्युलस’. विद्यार्थ्याने आजचे नाव टाकून शीर्षकांत व सारांशांत शोध घेतला, तर ज्या कामावर सगळा उपचार उभा आहे तेच हातून निसटेल. विंचूदंशाच्या मेश शीर्षाखाली मात्र प्राणिशास्त्रज्ञांनी केलेल्या बारशांचा अडथळा येत नाही.

शोधचौकटीत साधे शब्द टाकले तरी पबमेड पडद्यामागे ते मेशशी जुळवून घेते. ‘हार्ट अटॅक’ लिहिले तरी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’चे लेख येतात, आणि ‘ट्यूमर’च्या ब्रिटिश व अमेरिकी स्पेलिंगने काही बिघडत नाही. ही सोय एका अडचणीसकट येते. आठवड्यापूर्वीच्या लेखाला अजून शीर्ष लागलेले नसेल, तर केवळ मेशवर विसंबलेल्या शोधात तो येत नाही. म्हणून थीसिससाठी शोध घेताना मेश शीर्ष आणि साधे शब्द ‘ऑर’ने जोडतात, नंतर दुसरी संकल्पना ‘अँड’ने. हे दोन्ही शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत टाकायचे असतात. शीर्षे लावण्याचे काम अनेक दशके प्रशिक्षित माणसे लेख वाचून करत. २०२२ पासून ते संगणकाकडे गेले आणि माणसे तपासणीपुरती उरली. वेग वाढला यात शंका नाही. पण गुंतागुंतीच्या लेखाचा मुख्य मुद्दा कोणता आणि ओझरता उल्लेख कोणता, हे ओळखण्यात जाणत्या माणसाची नजर अजून वरचढ वाटते.

लेखकाच्या नावाने शोधताना मराठी आडनावे दमवतात. जोशी, पाटील, देशमुख यांच्या नावांपुढे एकच आद्याक्षर असेल तर ढिगाने लेख निघतात. त्यात वडिलांच्या नावाचे अक्षर एका लेखात असते, दुसऱ्यात नसते, आणि लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर एकाच संशोधिकेच्या दोन वेगळ्या व्यक्ती होतात. पूर्ण नावे नोंदवली जाऊ लागली ती २००२ पासून. ऑर्किड या संशोधक-क्रमांकाने पुढच्या पिढीची सोय झाली आहे, मागच्यांची नाही.

जुन्या नोंदी : मेडलाइनचा मूळ आरंभ १९६६ चा. त्याआधीच्या छापील सूच्यांतील नोंदी नंतर उतरवून जोडल्या गेल्या. त्यांना सारांश नसतो. मुंबईत सापडलेल्या आणि ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या रक्तगटावरचा डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांचा १९५२ चा ‘लॅन्सेट’मधील लेख असाच भेटतो. शीर्षक, नावे, पाने, एवढेच. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील सर्पगंधेच्या प्रयोगांचा १९४९ चा लेख मात्र भाग्यवान आहे. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’चे जुने अंक पीएमसीत स्कॅन केलेल्या स्वरूपात असल्याने तो मूळ पानांसह वाचता येतो.

भारतीय नियतकालिके : मेडलाइनच्या निवडीत भारतातली थोडीच नियतकालिके बसतात. त्यांत मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ आहे. बाकीच्यांसाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि एनआयसी (केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) यांनी १९८६ मध्ये दिल्लीत इंडियन मेडलार्स केंद्र काढले. त्याच्या ‘इंडमेड’ या सूचीत १९८५ पासूनची भारतीय नियतकालिके आली. विद्यार्थ्यांनी तिचा उपयोग करायला हवा होता तितका केला नाही. गाईडलाही (प्रबंधाच्या मार्गदर्शकालाही) परदेशी संदर्भ जास्त वजनदार वाटतात. परिणामी कुपोषण, सर्पदंश, क्षय अशा विषयांवर शेजारच्या जिल्ह्यात झालेले काम सोडून परदेशातले आकडे रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये, म्हणजे प्रबंधातल्या पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, अवतरतात.

आपल्याकडे पबमेडला आणखी एक काम चिकटले आहे, ते बढतीचे. वैद्यकीय शिक्षकांच्या पदोन्नतीसाठी ‘इंडेक्स्ड’ नियतकालिकातले लेख लागतात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये मान्य सूच्यांची यादी दिली. तीत अकरा वर्षांपूर्वी बंद झालेले इंडेक्स मेडिकस होते, आणि ‘इंडेक्स कोपर्निकस’ ही दर्जाबाबत वादग्रस्त सूचीही होती. २०२० च्या सुधारणेत ही दोन्ही नावे गेली. तोवर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा तेजीत आला होता. सूची तयार झाली ती वाचकाला लेख सापडावा म्हणून. तिला पगारवाढीचा मापदंड केले की लेख वाचण्यासाठी कमी आणि मोजण्यासाठी जास्त लिहिले जातात.

पूर्ण लेख मिळवणे : जागतिक आरोग्य संघटनेची २००२ पासूनची ‘हिनारी’ योजना गरीब देशांना नियतकालिके फुकट किंवा स्वस्तात देते. भारत तिच्या पात्रतेत बसत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘ईआरमेड’ या सामूहिक योजनेचा आधार होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा पसारा आहे. पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांपुरती आहे. महाराष्ट्रात खाजगी आणि अभिमत वैद्यकीय महाविद्यालये मोठ्या संख्येने आहेत. तिथले विद्यार्थी आणि तालुक्याला दवाखाना चालवणारा डॉक्टर या योजनेबाहेर राहतात. या पोकळीतच साय-हब हे प्रकाशकांच्या परवानगीशिवाय लेख फुकट देणारे संकेतस्थळ फोफावले. तीन प्रकाशकांनी २०२० मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात रोखण्याचा आदेश निघाला. कायद्याच्या चौकटीतले दोन उपाय पुष्कळदा चालतात. पबमेडमध्ये ‘फ्री फुल टेक्स्ट’ची चाळणी लावायची, नाहीतर लेखकाला ईमेल करायची. लेखक बहुधा आनंदाने पाठवतात.

मागे घेतलेले लेख आणि कच्चे लेख : एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला. पबमेडवर त्याची नोंद आजही आहे, वर ठळक सूचनेसह. नोंद पुसून न टाकण्याचे हे धोरण योग्यच आहे, कारण त्या लेखाचा आधार घेणारे इतर लेख तर उरतातच. मे २०२० मध्ये कोविडवरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाविषयीचा एक लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीचा तो भाग थांबवला, आणि मूळ माहितीच तपासता येत नसल्याने ४ जून रोजी लेख मागे घेतला गेला. बातमी मात्र तोवर जगभर फिरली होती. वृत्तपत्रात ‘नव्या संशोधनानुसार’ असे वाचले की पीएमआयडी गाठून वरची पट्टी पाहणे हे एका मिनिटाचे काम आहे. परीक्षकांनी न तपासलेले कच्चे लेख जून २०२० पासून, आधी कोविडपुरते, पबमेडमध्ये येऊ लागले. त्यांवरही तशी खूण असते. ती न पाहता संदर्भ देणाऱ्यांची जर्नल क्लबमध्ये (नव्या लेखांवर चर्चा करणाऱ्या बैठकीत) अधूनमधून फजिती होते.

अवलंबित्व : जगभरचे वैद्यक संशोधन एका देशाच्या सरकारी खर्चावर चालणाऱ्या सूचीवर विसंबून आहे, याची जाणीव २०२५ मध्ये तीव्रतेने झाली. अमेरिकेत आरोग्यखात्यातील कपातींची चर्चा चालू असताना मार्चच्या आरंभी पबमेड काही काळ बंद पडले आणि संशोधकांत घबराट पसरली. त्याच वर्षी जर्मनीतील झेडबी मेड या ग्रंथालयाने खुला पर्याय उभारण्याचे काम हाती घेतले. इंग्लंडमधील हिंक्सटन येथून चालणारे ‘युरोप पीएमसी’ पबमेडच्या नोंदी आणि कच्चे लेख एकत्र शोधू देते. भारतीय नियतकालिकांसाठी त्या तोडीची अद्ययावत सूची भारतात अद्याप नाही.