लंडनच्या ‘पक्क्या इंग्लिश’ हॉटेलांचा थाट आला कुठून

लंडनच्या क्लॅरिजेस हॉटेलात एका लिफ्टमध्ये बसायला सोफा आहे, आणि लिफ्ट चालवायला माणूस. रिट्झमध्ये दुपारच्या चहाला पुरुषांनी कोट-टाय घालूनच यायचं, जीन्स चालत नाही, मग तुम्ही कितीही श्रीमंत असा. आपल्याकडचे लोक असं काही पाहून आले की म्हणतात, काय तो इंग्रजांचा थाट! थाट आहेच, पण तो उभा केला कोणी हे बघायला गेलं तर साहेब लोक त्यात फारसे दिसतच नाहीत, दिसतात ते साहेबांच्या घरातले नोकर आणि नाहीतर मग बाहेरून आलेले स्विस, फ्रेंच, जर्मन.

आधी हे लक्षात घ्या की जुन्या काळात इंग्लंडच्या खानदानी माणसाला लंडनमध्ये हॉटेलची गरजच नव्हती. गावाकडे मोठी हवेली, शहरात दुसरं घर, पार्लमेंटचं अधिवेशन आणि पार्ट्यांचा सीझन आला की अख्खा लवाजमा इकडे हलायचा. ज्यांचं शहरात घर नव्हतं किंवा ठेवणं परवडत नव्हतं त्यांची मात्र पंचाईत, कारण प्रवाशांसाठी ज्या खानावळवजा सराया होत्या तिथे लॉर्डसाहेब बायकोला घेऊन राहणार कसे? ही अडचण नेमकी कोणाला कळली असेल तर त्यांच्या घरात राबणाऱ्या लोकांना. साहेबाला चहा किती वाजता लागतो, बूट कधी पॉलिश करून ठेवायचे, कोणासमोर तोंड उघडायचं नाही, हे सगळं त्यांना पाठ.

लंडनच्या मेफेअर या बड्या लोकांच्या वस्तीतल्या ब्राउन्स हॉटेलची सुरुवात 1830च्या दशकातली. जेम्स ब्राउन हा कवी लॉर्ड बायरनचा खास नोकर होता आणि त्याची बायको सारा लेडी बायरनकडे कामाला, असं सांगतात. क्लॅरिजेसचंही तसंच. ब्रूक स्ट्रीटवर 1812पासून मिवार्ट्स नावाचं हॉटेल होतं, शेजारीच विल्यम आणि मारियान क्लॅरिज हे जोडपं छोटं हॉटेल चालवायचं, तो पूर्वीचा बटलर, आणि 1854मध्ये त्यांनी मिवार्ट्सच विकत घेऊन टाकलं. सहा वर्षांनी, 1860मध्ये, फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी तिथे उतरली आणि तिला भेटायला खुद्द व्हिक्टोरिया राणी हॉटेलात आली, आता यापेक्षा मोठी जाहिरात काय असणार.

तेव्हाची ही हॉटेलं म्हणजे एकाला एक जोडलेली राहती घरंच. रिसेप्शन, लॉबी वगैरे भानगड फार नाही, पाहुण्याला स्वतःचा सूट, जेवण तिथेच वर, स्वतःचे नोकर बरोबर. घरातल्या बायका चारचौघांत बसून जेवणार हे तर मान्यच नव्हतं.

हे चित्र पालटलं सॅव्हॉयने, आणि त्याचा मालक होता एक नाटकवाला! रिचर्ड डॉइली कार्टने गिल्बर्ट आणि सलिव्हनच्या संगीतिकांवर बक्कळ पैसा कमावला, अमेरिकेतली हॉटेलं पाहिली आणि 1889मध्ये थेम्सकाठी सॅव्हॉय उघडलं. सगळीकडे विजेचे दिवे, लिफ्ट, नळाला गरम पाणी. बाथरूमचा आकडा ऐकून कॉन्ट्रॅक्टरने विचारलं म्हणे की तुमचे पाहुणे पाण्यात राहणारे आहेत का. त्याचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता, कारण सेंट पँक्रास स्टेशनवरचं मिडलँड ग्रँड हे एवढं भव्य रेल्वे हॉटेल 1873चं, तरी शेकडो खोल्यांमागे बाथरूम मोजकीच, आणि शेवटी 1935मध्ये ते हॉटेल म्हणून बंदच पडलं.

कार्टने मॅनेजर आणला सेझार रिट्झ, स्वित्झर्लंडच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि किचन दिलं ऑग्युस्त एस्कॉफिये या फ्रेंच शेफकडे. पीच मेल्बा हा गोड पदार्थ तिथलाच, नेली मेल्बा या गायिकेसाठी केलेला. बड्या घरच्या बायका नटूनथटून डायनिंग रूममध्ये जेवायला येऊ लागल्या त्यात या दोघांचा हात मोठा. 1898मध्ये मात्र हिशेबातल्या गडबडीच्या आरोपावरून दोघांनाही काढून टाकलं. तोवर कार्टच्या कंपनीने क्लॅरिजेसही घेतलं होतं, जुनी घरं पाडून आजची लाल विटांची इमारत बांधली, ती उघडली त्याच 1898 साली.

रिट्झ काही संपला नाही, त्याने पॅरिसला स्वतःचं हॉटेल काढलं, लंडनला कार्लटन हॉटेल चालवलं. 1902मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी कार्लटनमध्ये जंगी तयारी झाली आणि राजाच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे सोहळाच पुढे गेला, त्या धक्क्याने रिट्झ कोसळला तो पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिलाच नाही. पिकॅडिलीवरचं रिट्झ 1906चं, नाव त्याचं, आतली सजावट फ्रेंच, आणि आज लोक तिथे ‘इंग्लिश चहा’ प्यायला जातात! मला यात फसवणूक वाटत नाही, उलट मजा वाटते.

1910मध्ये बकिंगहॅम पॅलेसजवळ ओटो गोरिंग या जर्मन माणसाने गोरिंग हॉटेल काढलं, प्रत्येक खोलीला स्वतःचं बाथरूम आणि सेंट्रल हीटिंग, तेव्हा जगात असं दुसरं नव्हतं असा त्यांचा दावा आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि जर्मन म्हटलं की लोक पेटायला लागले. मेफेअरमधल्या कोबर्ग या जर्मन नावाच्या हॉटेलने 1917मध्ये नाव बदलून कॉनॉट केलं. त्याच वर्षी राजघराण्यानेही सॅक्स-कोबर्ग टाकून विंडसर नाव घेतलं, म्हणजे हॉटेल आणि राजा दोघेही एकाच वर्षी कागदोपत्री इंग्लिश झाले. हा कॉनॉट म्हणजे व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आर्थर, ड्यूक ऑफ कॉनॉट. आपल्याला तो अगदीच परका नाही, 1886 ते 1890 तो बॉम्बे आर्मीचा सरसेनापती होता, आणि दिल्लीचं कॉनॉट प्लेस त्याच्याच नावाचं.

दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले युरोपातले राजे क्लॅरिजेसमध्ये येऊन राहिले. 1945च्या जुलैमध्ये युगोस्लाव्हियाच्या राजाला तिथल्या सूट 212मध्ये मुलगा झाला, वारस मायभूमीवरच जन्मावा म्हणून चर्चिलने तो सूट एका दिवसापुरता युगोस्लाव्हियाची भूमी म्हणून जाहीर केला आणि पलंगाखाली तिथली माती ठेवली, ही कथा हॉटेलवाले आवडीने सांगतात, खरीखोटी देव जाणे. त्याच महिन्यात निवडणूक हरल्यावर राहायला घर नाही म्हणून स्वतः चर्चिलही काही काळ क्लॅरिजेसमध्येच होता.

आज क्लॅरिजेस आणि कॉनॉटचे मालक कतारचे, रिट्झ 2020मध्ये कतारच्याच एका गुंतवणूकदाराकडे गेलं, ब्राउन्स इटालियन वंशाच्या फोर्ते कुटुंबाकडे. बकिंगहॅम पॅलेसजवळचं सेंट जेम्स कोर्ट तर आपल्या ताज ग्रुपचं. गोरिंग तेवढं अजून गोरिंग घराण्याकडेच आहे, आणि 2011मध्ये लग्नाच्या आदल्या रात्री केट मिडलटन माहेरच्या माणसांबरोबर राहिली ती तिथेच.