धूळपेरणीची सरकी आणि घडी नसलेली प्रथिने

मे महिन्याच्या अखेरीस जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना काही शेतकरी पावसाच्या भरवशावर कोरड्या काळ्या रानात कपाशीची धूळपेरणी करतात. तापलेल्या ढेकळांत सरकी पाऊस येईपर्यंत तशीच पडून राहते, आणि रान पुरेसे भिजले की आठवड्याभरात उगवून वर येते. वाळलेल्या सरकीत पाण्याचा अंश जेमतेम १० टक्के असतो. आपल्या शरीरातील पेशी इतकी वाळली तर ती मरेल. सरकी का मरत नाही, याच्या अनेक कारणांपैकी एक कारण म्हणजे तिच्यातील काही विलक्षण प्रथिने. पीएच.डी.नंतरचे माझे संशोधन त्यांच्यावरच चालू आहे, आणि ज्या पिकावर आमचे घर चालले त्याच पिकाच्या बियांत ती प्रथम सापडली याचे मला आजही अप्रूप वाटते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ही माळ ठरावीक रीतीने दुमडते, तिची एक पक्की घडी बसते आणि त्या घडीमुळेच ती आपले काम करते, असे आपण शाळेपासून शिकतो. एमिल फिशर यांनी १८९४ साली दिलेली कुलूप-किल्लीची उपमा याच विचाराची आहे. १९५८ मध्ये जॉन केंड्रू यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मायोग्लोबिनची घडी उलगडून दाखवली, तेव्हा हा विचार अधिकच दृढ झाला. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

याची साक्ष स्वयंपाकघरातच मिळते. अंडे उकडले की पांढऱ्या बलकातील प्रथिनांच्या घड्या उष्णतेने मोडतात, उघड्या पडलेल्या माळा एकमेकींत अडकतात आणि बलक घट्ट होतो. ताजे दूध मात्र उकळले तरी असे थिजत नाही, कारण त्यातील मुख्य प्रथिन असलेल्या केसीनला मुळात पक्की घडी फारशी नसतेच. जी नाही ती मोडणार कशी? लिंबू पिळल्यावर दूध फाटते, पण त्याचे कारण वेगळे आहे: आम्लामुळे केसीनच्या कणांवरचा विद्युतभार नाहीसा होतो आणि ते एकमेकांना चिकटतात.

प्रयोगशाळेत आम्ही नेमका हाच गुण वापरतो. सरकीचा गर थंड द्रावणात वाटून काढलेला पिवळसर, गढूळ अर्क दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवला की बहुतेक प्रथिने साकळतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर नळीच्या तळाशी त्यांचा घट्ट साका बसतो. वरच्या निवळ द्रवात जी प्रथिने विरघळलेली उरतात, त्यांतच आम्हाला हवी असलेली असतात.

अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात लिऑन ड्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कपाशीच्या बियांतील या प्रथिनांची नोंद केली. बी पक्व होण्याच्या उत्तरार्धात, म्हणजे ते वाळू लागण्याच्या सुमारास, ती मुबलक तयार होतात. त्यावरूनच पुढे त्यांना ‘एलईए’ (लेट एम्ब्रियोजेनेसिस अबंडंट, म्हणजे भ्रूणवाढीच्या उत्तरार्धात मुबलक असलेली) हे नाव मिळाले. त्यांतील बहुतेकांना पाण्यात स्थिर आकार नसतो, ही गोष्ट मात्र नंतर हळूहळू स्पष्ट झाली. पाण्यापासून दूर पळणारी अमिनो आम्ले एकत्र येऊन सामान्य प्रथिनाचा गाभा बनवतात. एलईए प्रथिनांत ती कमी आणि पाण्याची ओढ असलेली जास्त असल्यामुळे माळ आत दुमडत नाही, क्षणोक्षणी वळण बदलत राहते.

अशी प्रथिने अपवादात्मक असतील, असा समज बराच काळ होता. स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रात असा भाग दिसतच नाही, तेथे कोरी जागा उरते, आणि न दिसणाऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक होते. पीटर राइट आणि जेन डायसन या संशोधकांनी १९९९ मध्ये हा प्रश्न ठामपणे मांडला. आज असे मानतात की माणसाच्या सुमारे एकतृतीयांश प्रथिनांत असे लांब, बिनघडीचे पट्टे आहेत. कर्करोगाला अटकाव करणाऱ्या पी-५३ प्रथिनाचे टोक तसेच आहे. ते जोडीदार प्रथिनाला बिलगतानाच वळण घेते. पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूत ज्याच्या गुठळ्या सापडतात ते १४० अमिनो आम्लांचे अल्फा-सिन्यूक्लिनही याच जातीचे.

एलईएचे वैशिष्ट्य असे की पाणी निघून जाऊ लागले की त्यांतील अनेकांना आकार येतो. वाटाण्याच्या बियांतील असेच एक प्रथिन सुकताना मळसूत्रासारखे वळते आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या पटलाला चिकटून त्याचे रक्षण करते, असे दिसून आले आहे. सुकताना इतर प्रथिने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून काही एलईए प्रथिने मध्ये आडोशासारखी राहत असावीत, असाही अंदाज आहे.

हा बदल टिपण्यासाठी क्वार्ट्झच्या काचेवर प्रथिनाचा एक थेंब सुकवून त्यातून वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश सोडतात आणि डावीकडे व उजवीकडे फिरणारा प्रकाश शोषला जाण्यातील फरकाचा तरंगलांबीनुसार आलेख काढतात. थेंब ओला असताना आलेखात २०० नॅनोमीटरजवळ एकच खोल दरी असते. तो सुकत गेला की ती उथळ होते आणि २०८ व २२२ जवळ मळसूत्राची खूण असलेल्या दोन दऱ्या उमटतात. काचेवर पुन्हा पाणी सोडले की त्या दोन्ही पुसल्या जातात आणि पहिली परत येते.