पाच चौकटींच्या आधी : अभिवृत्तिमापनाच्या श्रेणी बाजार संशोधनात कशा आल्या

साबणापासून विम्यापर्यंत कोणत्याही बाजार सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' अशा पाच चौकटी हमखास सापडतात. त्या इतक्या सरावाच्या झाल्या आहेत की कोणती श्रेणी, म्हणजे उत्तरांची कोणती मोजपट्टी, वापरायची हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वास्तविक आज वापरात असलेल्या बहुतेक श्रेणी बाजाराच्या गरजेतून निर्माण झालेल्या नाहीत. त्यांपैकी प्रत्येकीमागे वेगळा विषय आणि बरीच मेहनत होती. बाजाराने श्रेणीचे बाह्य रूप उचलले, त्यामागची मेहनत मात्र बऱ्याचदा मागेच राहिली.

मनाचा कल, म्हणजेच अभिवृत्ती, मोजता येतो, असे ठामपणे मांडणारा लेख शिकागो विद्यापीठातील लुई थर्स्टन यांनी 1928 साली प्रसिद्ध केला. थर्स्टन यांचे मूळ शिक्षण अभियांत्रिकीचे होते आणि त्यांच्या पद्धतीत ते दिसते. पुढच्याच वर्षी त्यांनी अर्नेस्ट चेव्ह यांच्यासह चर्चविषयीची अभिवृत्ती मोजणारी श्रेणी सिद्ध केली. त्यासाठी 130 विधाने गोळा करून ती 300 परीक्षकांपुढे ठेवण्यात आली आणि प्रत्येकाने ती 11 गठ्ठ्यांत लावायची होती. परीक्षकाने स्वतःचे मत द्यायचे नव्हते. एखादे विधान चर्चला किती अनुकूल वा प्रतिकूल आहे, एवढेच ठरवायचे होते. ज्या विधानांच्या जागेबद्दल परीक्षकांत फार फाटाफूट झाली ती गाळली गेली आणि शेवटी 45 उरली. उत्तरदात्यापर्यंत पोहोचण्याआधीच एवढा खटाटोप करणे कोणत्याही व्यापारी संस्थेला परवडणारे नव्हते.

हा खर्च वाचवला तो रेन्सिस लिकर्ट यांनी. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचा प्रबंध 1932 साली प्रसिद्ध झाला. परीक्षकांना रजा देऊन प्रत्येक विधानाला थेट 1 ते 5 गुण द्यावेत आणि त्यांची बेरीज करावी, ही त्यांची सूचना होती. अधिक किचकट सांख्यिकी पद्धतीने काढलेले गुण आणि ही साधी बेरीज जवळजवळ तंतोतंत जुळतात, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र त्यांची श्रेणी म्हणजे अनेक विधानांचा संच होता. त्यातील साधारण निम्मी विधाने उलट दिशेची असावीत, म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा उत्तरदाता ओळखू येईल, असा त्यांचा आग्रह होता. आज एका सुट्या प्रश्नाखाली पाच चौकटी काढून तिला लिकर्ट श्रेणी म्हटले जाते, तेव्हा बेरीज आणि उलट विधाने हे दोन्ही आधार गळालेले असतात.

1946 साली स्टॅन्ली स्टीव्हन्स यांनी मापनाचे चार स्तर मांडले आणि त्यातून एक वाद उभा राहिला, जो अजून मिटलेला नाही : श्रेणीच्या पायऱ्या केवळ क्रम दाखवतात की त्यांतील अंतरही समान असते? 'सहमत' आणि 'पूर्णपणे सहमत' यांतील अंतर 'तटस्थ' आणि 'सहमत' यांतील अंतराइतकेच असते, हे गृहीत धरल्याशिवाय 3.8 अशी सरासरी काढता येत नाही. सादरीकरणात ती सरासरी नित्य दिसते, गृहीतक क्वचितच.

बाजाराला सर्वांत जवळची ठरलेली श्रेणी अमेरिकी लष्कराच्या भोजनालयातून आली. सैनिकांना कोणते पदार्थ आवडतात, हे शोधण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोतील लष्करी अन्नसंशोधन संस्थेत डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अत्यंत आवडले' ते 'अत्यंत नावडले' अशी नऊ पायऱ्यांची श्रेणी घडवली. पुढे कोणता शब्द आवडीचा किती भार उचलतो हे तपासताना 51 शब्द व शब्दसमूह पारखण्यात आले. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात खुद्द थर्स्टन सहलेखक होते. पायऱ्या नऊच का, याचे एक कारण असे सांगितले जाते की अकरा पायऱ्या सरकारी कागदाच्या रुंदीत मावत नव्हत्या. खाद्यपदार्थांच्या चवचाचणीत ही श्रेणी आजही टिकून आहे.

चार्ल्स ऑसगुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 साली विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्यांमध्ये सात घरे ठेवण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. ब्रँडची प्रतिमा तपासण्यासाठी जाहिरात क्षेत्राने ती लगेच स्वीकारली. येथे खरा कस लागतो तो टोके निवडताना. मसाल्याच्या ब्रँडसाठी 'आधुनिक' आणि 'पारंपरिक' ही टोके ठेवली तर दोन्ही स्तुतीचीच ठरतात आणि मधल्या घरातली खूण वाचता येत नाही.

श्रेणी कितीही नेटकी असली तरी प्रश्नाची शब्दरचना उत्तर फिरवू शकते, याचा धडा 1941 सालच्या डोनाल्ड रग यांच्या प्रयोगाने दिला. लोकशाहीविरोधी भाषणांना 'परवानगी द्यावी का' असे विचारले तेव्हा 62 टक्के लोक नाही म्हणाले; त्यांवर 'बंदी घालावी का' असे विचारले तेव्हा होय म्हणणारे 46 टक्केच निघाले. प्रश्नावलीचे दोन मसुदे करून ते उत्तरदात्यांच्या दोन गटांना देण्याची पद्धत मला म्हणूनच तज्ज्ञांच्या चर्चेपेक्षा अधिक भरवशाची वाटते.

भारतात 1950 आणि 1960 च्या दशकांत, दिल्लीतील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन आणि बडोद्यातील ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप यांसारख्या संस्थांमुळे, सर्वेक्षणाने मूळ धरले, तोवर वरीलपैकी बहुतेक श्रेणी तयार झालेल्या होत्या. त्या येथे आल्या त्या पूर्ण बनलेल्या स्वरूपात.

मेहनत घटवण्याची ही वाटचाल 2003 साली एका प्रश्नापर्यंत पोहोचली. फ्रेडरिक रायकहेल्ड यांनी 'ही कंपनी तुम्ही मित्राला सुचवाल का' या प्रश्नाला 0 ते 10 गुण मागितले. त्यात 9 व 10 देणारे समर्थक, 7 व 8 देणारे उदासीन आणि 0 ते 6 देणारे सगळे विरोधक मानले जातात, म्हणजे 6 देणारा आणि 0 देणारा एकाच रांगेत. महाराष्ट्रात मात्र दहावीच्या परीक्षेत 60 टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते हे लहानपणापासून ठाऊक असलेला ग्राहक समाधानानेच 6 गुण देऊन मोकळा होऊ शकतो. त्यामुळे ही सीमारेषा उसनी घेण्यापूर्वी 6 गुण देणाऱ्या काही ग्राहकांना त्या आकड्याचे कारण मोकळ्या प्रश्नातून विचारणे, हे प्रश्नावलीच्या पूर्वचाचणीतच उरकून घ्यावे लागते.