मोटारीतला सुटा जीपीएस नॅव्हिगेटर

मोटारीच्या पुढच्या काचेला किंवा डॅशबोर्डवर लावायचे, काम झाले की काढून ठेवता येणारे आणि उपग्रहांकडून आलेल्या संदेशांवरून गाडी कुठे आहे ते ओळखून रस्ता दाखवणारे, बोलून सांगणारे छोटे यंत्र. कारखान्यातूनच गाडीत बसवून येणारी नॅव्हिगेशन यंत्रणा आणि मोबाइलवरचे ॲप ही त्याची भावंडे. ब्रिटनमध्ये याला ‘सॅटनॅव्ह’ म्हणतात. आपल्याकडे सरसकट नुसते ‘जीपीएस’ म्हणायची पद्धत आहे आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. जीपीएस ही आकाशातली यंत्रणा. तिला रस्ते, पूल, गावे यांतले काहीही ठाऊक नसते. ती फक्त अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ काढायला मदत करते. रस्ता दाखवतो तो यंत्रात भरलेला नकाशा. अमेरिकेत काही वर्षे काढून परतलेल्या कुटुंबाने तिथला नॅव्हिगेटर पुण्यात चालू केला, तर स्थान अचूक दिसते आणि भोवती रस्त्याची एक रेघही उमटत नाही. उपग्रह तेच आहेत, नकाशा मात्र उत्तर अमेरिकेचा आहे. असे यंत्र घेताना आणि वापरताना हा भेद लक्षात असला की निम्मे प्रश्न सुटतात.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरतात आणि प्रत्येकात आण्विक घड्याळ असते. संदेश निघाल्याची वेळ आणि तो पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून अंतर निघते. हे गणित फार नाजूक असते, कारण एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. स्थान काढायला खरे तर तीन उपग्रहांची अंतरे पुरावीत, पण यंत्रातले घड्याळ साधे असल्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. घड्याळाची चूक काढायला चौथा लागतो. १ मे २००० पर्यंत नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम गोंधळ मिसळलेला असे, त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत चुके. गजबजलेल्या शहरात तेवढ्यात दोन-तीन गल्ल्या बसतात. तो गोंधळ त्या रात्री काढून टाकला गेला आणि मोटारीतल्या नॅव्हिगेटरचा खरा बाजार त्यानंतर उभा राहिला. टॉमटॉम कंपनीचा ‘गो’ २००४ मध्ये आणि गार्मिन कंपनीचा ‘नुव्ही’ २००५ मध्ये आला. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने वळणावळणाला सूचना देणारी सेवा फोनवर फुकट देण्याची घोषणा केली आणि हा बाजार उतरणीला लागला.

तरीही हे यंत्र संपलेले नाही, आणि त्याला कारण आहे. नकाशा पोटातच असल्यामुळे मोबाइलची रेंज नसलेल्या घाटात, वाळवंटात किंवा परदेशात डेटा न घेताही ते तेवढेच काम करते. फोन आला म्हणून नकाशा झाकला जात नाही. मालवाहू गाड्यांसाठीच्या नॅव्हिगेटरमध्ये गाडीची उंची, वजन, लांबी भरता येते आणि ठेंगण्या पुलाखालचा रस्ता तो टाळतो. ब्रिटनमध्ये जुन्या रेल्वेपुलांना ट्रक धडकण्याचे प्रकार सतत घडतात, तिथे ही सोय फार मोलाची. उलट शहरातल्या शहरात रोजच्या कोंडीतून वाट काढायची असेल, तर फोन वरचढ ठरतो, हे मोकळेपणाने मान्य करावे.

निवड करताना बहुतेकांचे लक्ष आधी पडद्याच्या आकाराकडे जाते. पाच ते सात इंचांचा पडदा पुरतो. मुद्दा तो नाही. आधी नकाशा पाहावा. तो कोणत्या देशांचा आहे, वर्षातून किती वेळा अद्ययावत होतो आणि त्याचे पैसे पडतात का, हे विचारावे. ‘आजीवन नकाशे’ या शब्दांतले आयुष्य वापरणाऱ्याचे नसते, यंत्राचे असते, आणि ते किती हे उत्पादक ठरवतो. नकाशे आता काही गीगाबाइटांचे असतात, म्हणून जास्तीच्या मेमरी कार्डाला खाच आहे की नाही ते बघावे. भारतासाठी घेताना आणखी एक परीक्षा दुकानातच करावी. आपले पत्ते घरक्रमांकावर कमी आणि खुणांवर जास्त चालतात. सोन्या मारुती चौक, एखादी शाळा, एखादे मंगल कार्यालय टाकून यंत्राला ते सापडते का पाहावे. भारताचे असे तपशीलवार नकाशे १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मॅपमायइंडिया या कंपनीने तयार केले आणि स्वतःचे नॅव्हिगेटरही विकले. ब्रिटनमध्ये नुसता पोस्टकोड टाकला तरी शहरात जवळजवळ दारापर्यंत पोचता येते. खेड्यात मात्र एकाच पोस्टकोडमध्ये दूरदूरची शेतघरे येतात.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर तारीख तपासावी. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे मोजायला दहा बिटांचीच, म्हणजे शून्य किंवा एक लिहायच्या दहा घरांचीच, जागा आहे. १,०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ती ६ एप्रिल २०१९ ला शून्यावर आली आणि सॉफ्टवेअर न बदललेली कित्येक जुनी यंत्रे जवळपास वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागली. तारीख चुकली की पोचण्याच्या वेळेचा अंदाजही भरकटू शकतो.

नवे किंवा बरेच दिवस बंद असलेले यंत्र पहिल्यांदा लावताना गाडी मोकळ्या आकाशाखाली उभी करावी. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो; सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक उतरवायला १२.५ मिनिटे लागतात. यंत्राच्या पडद्यावर उपग्रहांचे पान उघडले की प्रत्येक उपग्रहाची एकेक राखाडी पट्टी थरथरत वर येते आणि भरून रंगते. चार पट्ट्या भरेपर्यंत थांबावे, मगच निघावे. काही गाड्यांच्या काचेवर उन्हासाठी धातूचा पातळ थर असतो आणि तो संदेश अडवतो. अशा काचेत आरशाच्या मागे ठिपक्याठिपक्यांचा एक भाग मोकळा ठेवलेला असतो. यंत्र तिथल्या आसपास पण नजरेच्या आड येणार नाही असे, आणि एअरबॅग उघडण्याच्या वाटेबाहेर लावावे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातली जागा इंचांत ठरवून दिली आहे : चालकाच्या बाजूला पाच इंचांचा चौरस, दुसऱ्या बाजूला सात इंचांचा. जर्मनीत वेगकॅमेऱ्याची सूचना देणारी सोय चालकाला वापरता येत नाही. तिथे गाडी भाड्याने घेणाऱ्या मराठी प्रवाशांनी ती आधीच बंद करावी.

स्थान बरोबर आणि रस्ता चुकीचा, हा प्रकार कसा घडतो ते मुंबईत दिसते. मोहम्मद अली रस्त्यावरून जे. जे. उड्डाणपूल जातो. वरची गाडी आणि खालची गाडी यांचे अक्षांश-रेखांश जवळजवळ सारखेच. उंचीतला फरक यंत्राला भरवशाने कळत नाही, कारण उपग्रहांवरून काढलेल्या उंचीत चूक जास्त असते. मग ते अंदाज करते आणि पुलावरून जाणाऱ्याला डावीकडे वळायला सांगते. खंडाळ्याच्या घाटात द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग जिथे शेजारून जातात, तिथेही हेच. अशा ठिकाणी पाटी वाचावी, आवाजाकडे दुर्लक्ष करावे. बोगद्यात संदेश तुटतो तेव्हा यंत्र शेवटच्या वेगावरून गाडी पुढे सरकवत राहते. बाहेर आल्यावर काही क्षणांत सावरते.

पत्ता गाडी उभी असतानाच भरावा. अक्षांश-रेखांश टाकायचे असतील तर लिहिण्याची पद्धत आधी पाहावी. पुण्यातल्या एका जागेचे अक्षांश १८ अंश ३०.५ मिनिटे असे दिले आहे आणि यंत्र दशांश अंश मागत असताना कोणी १८.३०५ भरले, तर गाडी दक्षिणेला साडेबावीस किलोमीटर दूर जाईल. बरोबर आकडा १८.५०८३.

मार्गाच्या पर्यायात ‘सर्वांत जवळचा’ न निवडता ‘सर्वांत कमी वेळाचा’ निवडावा. जवळचा रस्ता अनेकदा शेतातून जातो. कच्चे रस्ते टाळण्याची खूण करावी. फेरीबोटींचाही विचार करावा. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट नकाशावर रस्त्यासारखीच दिसते, पण रात्री उशिरा पोचलेल्याला खाडीकाठी सकाळची वाट पाहावी लागते. निघण्यापूर्वी पूर्ण मार्ग एकदा लहान करून पाहावा आणि वाटेतल्या दोन-तीन गावांची नावे मनात ठेवावीत. पावसाळ्यात प्रशासन वरंधा घाट वेळोवेळी वाहतुकीला बंद करते. पोटातल्या नकाशाला त्याचा पत्ता नसतो. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी ॲपने दाखवलेल्या रस्त्याने निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालक बुडून मरण पावला. फाट्यावर कोणी माणूस दिसला तर काच खाली करून “पुढं रस्ता चालू आहे का?” एवढे विचारायला दहा सेकंद लागतात.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या बदलानुसार चालकाला हातातले संपर्कसाधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येते, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. साधा नॅव्हिगेटर संदेश फक्त घेतो, पाठवत नाही, म्हणून त्याला परवाना लागत नाही. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी गिर्यारोहकांची यंत्रे दिसायला तशीच असली तरी विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना त्यापायी अडकावे लागले आहे.

मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत यंत्र ठेवू नये. लिथियम बॅटरी उष्णतेने फुगते. काढताना काचेवर उमटलेले चूषकाचे, म्हणजे यंत्र काचेला धरून ठेवणाऱ्या रबरी वाटीचे, गोल वळही ओल्या फडक्याने पुसावे, कारण ते पाहून चोर डिकी आणि खण शोधतात. ‘घर’ या बटणात स्वतःचा पत्ता भरू नये, जवळचा पेट्रोलपंप भरावा. यंत्र चोरीला गेले, तर चोराच्या हाती घराचा रस्ता जात नाही.